'हाव'चा अर्थ लावणाऱ्या टेकाडे मॅडम

डॉ. वत्सलाताई टेकाडे आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा मी बारावीत होते आणि मिरच्यांची देठं खुडत बसले होते. दुसऱ्या दिवशी धामणगाव बढ्याचा बाजार, म्हणून घरभर भाजीपाला पसरलेला आणि बसायला जागा नाही. मॅडम कॉलेजच्या मुलींना घेऊन कसलीशी पाहणी करायला गावात आल्या होत्या. बाबांनी कांद्याची दोन पोती बाजूला सारली, सतरंजी टाकली आणि त्यांना बसवलं. मॅडमनी विचारलं, "घरातले महत्त्वाचे निर्णय कोण घेतं?"

बाबा ताठ होऊन म्हणाले, "आमी दोघंबी घेतो."

आतून चुलीपाशी बसलेल्या आईचा आवाज आला, "दोघं कोन? तुमी अन् तुमचे भाऊच नं?"

मॅडम इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला पेन मिरच्यांत पडला. डोळे पुसत त्या बाबांना म्हणाल्या, "आता मी काय लिहू?"

बाबा डगमगले नाहीत. "लिव्हा का दोघंच. भाऊ बी घरचाच हाये."

मॅडमनी दोन्ही उत्तरं लिहून घेतली आणि आईला बाहेर बोलावलं. "मले काय कळते," असं म्हणत आई बाहेर आली आणि पुढचा तासभर एकटीच बोलली. निघताना मॅडमनी माझ्याकडे पाहून बाबांना विचारलं, "हिला पुढं शिकवणार ना?" बाबा म्हणाले, "पाहू." आमच्याकडे 'पाहू' म्हटलं की विषय संपतो. पण जून उजाडला आणि मॅडम पुन्हा दारात. "पाहू म्हणाला होतात. पाहिलं का?" बाबांना असा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता, त्यामुळे ते हो म्हणून बसले, आणि माझं नाव कॉलेजात गेलं. मी बी.ए. झाले ते एवढ्याच कारणाने.

या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला 'मॅडमचे संशोधनकार्य' असा विषय दिला आहे. मॅडमच्या पदव्या, त्यांचे शोधनिबंध, समाजशास्त्र विभागाची त्यांनी केलेली उभारणी यांवर या ग्रंथात माझ्यापेक्षा मोठी माणसं लिहीत आहेत. मी त्यांच्या हाताखाली पाहणीचं काम केलेली बाई. मॅडमच्या एकाच संशोधनाची मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे, आणि ते एका शब्दाचं होतं. त्या शब्दापायी माझं काम, माझं नाव आणि माझं सासर ही तिन्ही एकदमच टांगणीला लागली होती, म्हणून ते माझ्या चांगलं लक्षात आहे.

त्याआधी मॅडमच्या स्वभावाबद्दल थोडं. मॅडमना प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईला त्या चिखलीपासून खामगावपर्यंत विचारत जातात आणि उतरताना ती बाई यांच्याच गळ्यात पडून रडते. स्वतःच्या मुलाचं लग्न ठरवायला गेल्या तर विहीणबाईंना विचारून बसल्या, "तुमच्याकडे भाकरी आधी कोण खातं?" ते लग्न जमलं हे टेकाडे काकांचं नशीब. काका म्हणजे मॅडमचे यजमान. अत्यंत शांत गृहस्थ. मॅडमच्या प्रश्नांना ते गेली कित्येक वर्षं उत्तरं देत आहेत आणि अजून पाहणी पूर्ण झालेली नाही, असं तेच म्हणतात.

वर्गात मॅडम सांगायच्या, "मत विचारणं सोपं असतं गं. मिळालेल्या उत्तराचं काय करायचं, हे अवघड." आम्ही ते वहीत लिहून घेतलं आणि परीक्षेत आलं नाही म्हणून विसरून गेलो.

माझं लग्न होऊन मी उंद्रीला आले. मॅडम तोवर निवृत्त झाल्या होत्या, पण निवृत्ती त्यांना मानवेना. काही वर्षांनी एका परदेशी संस्थेने पाहणी काढली. स्त्री-पुरुषांच्या हक्कांविषयी लोकांना काय वाटतं, हे वेगवेगळ्या देशांत एकाच प्रश्नावलीने विचारायचं आणि मग सगळे देश एका ओळीत उभे करून कोण पुढे, कोण मागे ते पाहायचं. आपल्याकडचं काम पुण्यातल्या एका कार्यालयाकडे होतं आणि आपल्या जिल्ह्याची जबाबदारी त्यांनी मॅडमना दिली. मॅडमनी त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी गोळा केल्या. त्यांत मी होते आणि माझी मैत्रीण छाया होती.

घरी विचारायला हवं होतं. आमचे हे म्हणाले, "मायले इचार." माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, सुपात तूर पाखडत होत्या. मी धीर करून म्हणाले, "आत्याबाई, मी सर्वेच्या कामाले जाऊ का? गावोगाव फिरा लागते. कधी याले सांज होईन."

आत्याबाईंनी वर न पाहता म्हटलं, "हाव."

मी आनंदाने माझी पिशवी भरली. परवानगी मिळाली, असं मला वाटलं. कोणालाही वाटलं असतं.

आम्हाला एकेक टॅब मिळाला. बहुतेक प्रश्नांना सहमत की असहमत एवढंच टिपायचं होतं; बाई हाव म्हणाली की सहमत. शेवटचा प्रश्न मोकळा होता: स्त्रियांना पुरुषांइतके हक्क मिळण्याबद्दल आपल्याला काय वाटतं? याचं उत्तर बाईच्या तोंडून येईल तसंच्या तसं लिहायचं, अशी पुण्याची सक्त ताकीद होती. बाया म्हणायच्या, "हाव." आम्ही लिहायचो, हाव. एखादी म्हणायची, "हाव बाई." आम्ही लिहायचो, हाव बाई. एवढं प्रामाणिक काम मी परत कधी केलेलं नाही.

मग कच्चा अहवाल आला. मॅडमच्या ओसरीवर आम्ही सगळ्या बसलो आणि मॅडमनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच पानावर वाक्य होतं: 'या जिल्ह्यातील बहुसंख्य स्त्रियांच्या मते, पुरुषांइतके हक्क मागणे ही हाव, म्हणजेच लोभ, होय.'

आम्हाला आधी काही उमगेना. मॅडमनी पुन्हा वाचलं. पुण्याच्या कोणा मुलाने आमची उत्तरं इंग्रजीत नेताना 'हाव'चा अर्थ शब्दकोशात पाहिला होता. त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्यांच्याकडे माणसाला हाव सुटते. आमच्याकडे माणूस हाव म्हणतो आणि सुपारी कातरत बसतो.

पण गोष्ट तिथे थांबली नव्हती. कुठल्याशा थंड देशातल्या एका विदुषींनी या लोभावर दोन पानं लिहिली होती. कोरडवाहू प्रदेशात पाणी कमी, म्हणून सगळंच वाटून घ्यायची सवय. तिथे बाईने जास्तीचं मागितलं की तो समाज तिला लोभी समजतो, अशी त्यांची मांडणी होती. मांडणी सुंदर होती. मला तर वाचताना ती पटूही लागली होती.

छायाने घाबरून विचारलं, "मॅडम, आपन लोभी हाओत का?"

मॅडमना हसू आवरेना. काकांनी आतून पाण्याचा तांब्या आणला, त्यांनाही वाक्य ऐकवलं, मग काकांसाठी दुसरा तांब्या आणावा लागला. हसून झाल्यावर मॅडमनी पुण्याला केळशीकर सरांना फोन लावला. केळशीकर सर या कामाचे प्रमुख. मॅडम म्हणाल्या, "सर, आमच्याकडे हाव म्हणजे हो." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग सर हळूच म्हणाले, "म्हणजे सगळंच उलटं झालं की हो."

उलटं म्हणजे किती, तर आलेखात तळाशी बसलेला आपला जिल्हा एकदम माथ्यावर गेला. लोभावर लिहिणाऱ्या त्या विदुषींचा देश आमच्या खाली. छायाने पेढे आणले. गावातल्या एका पुढाऱ्याने मॅडमच्या सत्काराचं फ्लेक्स छापायला टाकलं, त्यावर मॅडमचा फोटो छोटा आणि पुढाऱ्याचा स्वतःचा मोठा. मलाही उंद्रीत भाव आला. आमच्या ह्यांनी पानटपरीवर सांगितलं म्हणे, की आपली बायको जगात पहिली आली.

आनंदात नव्हत्या त्या फक्त मॅडम. त्यांनी पेढा खाल्ला, हात धुतला आणि सगळी उत्तरं पुन्हा काढून वाचायला बसल्या. लेकाला आणि लेकीला सारखा हिस्सा असावा का, याला बायांनी हाव म्हटलं होतं. घरातला शेवटचा शब्द पुरुषाचाच असावा का? हाव. बाईने बाहेर कामाला जावं का? हाव. बाईची जागा घरातच का? तेही हाव. मॅडम आमच्याकडे पाहत म्हणाल्या, "पोरींनो, हे हो नाहीये."

काकांनी समजूत घालून पाहिली. "अहो, पदरी पडलं पवित्र झालं म्हणायचं."

"पदर माझा आहे," मॅडम म्हणाल्या, "त्यात काय पडलं ते मला पाहू द्या." आणि त्यांनी पुण्याला पुन्हा फोन केला.

मॅडमच्या मूल्यांविषयी लिहा, असंही संपादकांनी सुचवलं आहे. हा फोन हेच ते मूल्य. बदनामी करणारा निकाल चुकीचा ठरवायला कोणीही धावतं. डोक्यावर मुकुट ठेवणारा निकाल स्वतःच्या हाताने काढून ठेवणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. मात्र खरं सांगते, तेव्हा मला मॅडमचा मनस्वी राग आला होता. आणि माझा राग अगदीच वाया गेला नाही, कारण त्या फोनने सगळ्यात आधी आमचाच घात केला.

पुण्यातल्या वरच्या मंडळींनी सरळ हिशेब मांडला. प्रत्येक बाई प्रत्येक प्रश्नाला हो म्हणते, असं कुठे असतं का? या मुली कुणाच्या दारात गेल्याच नाहीत. एका झाडाखाली बसून टॅबवर बोटं मारली. केळशीकर सरांनी मॅडमना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांचाच आवाज पडला होता. जिल्हा पाहणीतून वगळायचा, मुलींना काढायचं आणि पुढे कुठल्याच कामावर घ्यायचं नाही, असं ठरत आलं होतं. मॅडम म्हणाल्या, "माझ्या मुली खोटं लिहीत नाहीत. तुम्ही स्वतः या, माझ्यासोबत फिरा, आणि मग काय ते ठरवा." सर यायला तयार झाले. चांगला माणूस.

वाईट बातमीला एस.टी. लागत नाही. सर यायच्या आधीच ती उंद्रीत पोचली. पिठाच्या गिरणीवर एका बाईने आत्याबाईंना ऐकवलं, "तुमची सून खोटे फारम भरते म्हन्तात."

आत्याबाई म्हणाल्या, "हाव."

मी डबा घेऊन मागेच उभी होते. हाव म्हणजे हो असेल, तर माझी सासू मला खोटारडी समजते. आणि मॅडम म्हणतात तसं हाव म्हणजे हो नसेल, तर मला कामाला जायची परवानगी कधी मिळालीच नव्हती. कसाही अर्थ लावला तरी माझी पिशवी खुंटीला लागणार होती. घरी येऊन मी भाकऱ्या केल्या, त्यांतल्या दोन करपल्या. आत्याबाईंना थेट विचारायची माझी छाती नव्हती. विचारून तरी काय, पुन्हा हावच आलं असतं.

केळशीकर सर आले. गोरे, घामाघूम, खांद्याला पाण्याची बाटली. मॅडमनी मला सोबत घेतलं आणि आम्ही गाडीने वरवट बकालला गेलो, कारण तिथली उत्तरं पुण्याला सगळ्यात जास्त संशयास्पद वाटली होती. मॅडमनी सरांनाच दार निवडायला सांगितलं. सरांनी निवडलेल्या अंगणात कौसाबाई नावाच्या वयस्क बाई पारावर बसावं तशा ओट्यावर बसल्या होत्या. सरांनी पुस्तकी मराठीत प्रश्न वाचले.

"स्त्रियांना पुरुषांइतकेच अधिकार असावेत, याच्याशी आपण सहमत आहात का?"

"हाव."

"अंतिम निर्णय मात्र पुरुषानेच घ्यावा, असं आपल्याला वाटतं का?"

"हाव."

सरांनी कपाळ पुसलं. मग त्यांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी विचारलं, "आजी, सूर्य पश्चिमेला उगवतो का?"

"हाव," कौसाबाई म्हणाल्या, "बसा नं सावलीत. उनाचे आले."

सरांनी टॅब मिटला. माझ्याकडे वळून ते म्हणाले, "ताई, मला माफ करा." पुण्याहून आलेला एवढा मोठा माणूस भर अंगणात माफी मागतो म्हटल्यावर मलाच कसंतरी झालं. मी काय म्हणाले असेन? हाव म्हणाले.

मॅडम कौसाबाईंच्या शेजारी टेकल्या. "मावशी, सूर्य तिकडून उगवते का कधी? काऊन हाव म्हनलं?"

"तो मानूस बोलून राह्यला होता, मी आयकून राह्यली होती," कौसाबाई म्हणाल्या. "आयकलं म्हून हाव. अन् इतक्या दुरून आलेल्या पाव्हन्याले नाही म्हनाव का?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. सरांना म्हणाल्या, "मी याच भाषेत वाढले. आयुष्यभर ह्यांना हाव म्हणत आले आणि कधी कबूल काही केलं नाही. तरी माझ्या ध्यानात यायला सत्तरी गाठावी लागली." टेकाडे काका, हे वाक्य मी साक्षीदार म्हणून छापत आहे.

आता प्रश्न असा होता, की हाव काढून टाकलं तर बायांचं खरं मत शोधायचं कसं? अंगणात बाया जमू लागल्या होत्या. मग मॅडमनी टॅब बाजूला ठेवला आणि गप्पा माराव्या तशा म्हणाल्या, "एका गावात दोन बाया हायेत. एक म्हन्ते, बापाच्या वावरात लेकीले हिस्सा भेटलाच पाह्यजे. दुसरी म्हन्ते, लेकीनं भावासाठी सोडून द्याव. दोघींचं भांडन लागलं. कोनाचं खरं?"

एकही बाई हाव म्हणाली नाही. म्हणणार तरी कशाला? पाहुणीच्या शब्दाला मान देणं वेगळं आणि दोन बायांच्या भांडणात बाजू घेणं वेगळं. दुसऱ्या कामात माणूस भीड ठेवतो, या कामात कोण ठेवतं?

"पयली बराबर हाये," एक जण म्हणाली.

"बराबर हाये, पन तिले भाऊ किती?" दुसरीने विचारलं.

"ते कोन्या गावची हाये? तिचा नवरा पेतो का?"

"पयलीचं तोंड लय चालत असंन, पाहा."

सर भराभर लिहीत होते. मध्येच त्यांनी मला विचारलं, "या पहिल्या बाईंचं नाव काय?" त्यांनाही ती बाई खरी वाटू लागली होती. कौसाबाई इतका वेळ ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हिस्सा पाह्यजे. पन मांगाव नाही लागलं पाह्यजे. मांगला का मायेर तुटते." दोन-तीन बायांनी माना खाली घातल्या.

सरांनी हळू आवाजात मॅडमना विचारलं, "हे सहमत धरायचं की असहमत?"

"सहमतच आहे, सर," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या प्रश्नात फक्त हक्क आहे. तिच्या उत्तरात भाऊ पण आहे."

मी मॅडमची विद्यार्थिनी आहे याचा मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की माझा राग कुठल्या कुठे गेला.

परतीच्या वाटेवर गाडीत दोघांची चर्चा रंगली. सर सांगत होते, एका देशातून कळलंय की तिथे भला माणूस कोणत्याही गोष्टीला आधी दोनदा नाही म्हणतो, मग तिसऱ्यांदा हो. पाहणीच्या तिथल्या मुलांनी पहिलं नाही ऐकलं आणि पुढचं दार गाठलं. दुसऱ्या एका ठिकाणी सासरे खोलीतून हलतच नाहीत, त्यामुळे सुनांची मतं सासऱ्यांच्या मतांशी तंतोतंत जुळतात. आणि तो थंड देश, तिथले लोक बहुतेक प्रश्नांना 'काही अंशी सहमत' म्हणतात.

"तेही त्यांचं हावच असेल," मॅडम म्हणाल्या. "कुणाला दुखवायचं नाही. मग सर, हे सगळे आलेख शेजारी शेजारी ठेवून आपण मोजलं काय? कोणता देश किती पुढे गेला ते, की कोण परक्या माणसाशी कसं बोलतं ते?"

सर म्हणाले, "आता अहवालात ओळ लावायची कशी, हाच प्रश्न आहे."

"ओळ लावूच नका काही दिवस. आधी प्रत्येकाचं हाव शोधा."

दोघांचं असं जगभर चाललं होतं. मागच्या सीटवर मी मात्र एकाच हावचा विचार करत होते. सरांनी मला निर्दोष ठरवलं होतं, पण गिरणीवर सर नव्हते. गावात माझं नाव गेलंच होतं, आणि घरात मला कामाला जायची मुभा आहे की नाही, हे मला या घडीला ठाऊक नव्हतं. खामगाव सुटलं तशी मी रडकुंडीला आले. मॅडमनी आरशातून पाहिलं आणि विचारलं, "काय झालं गं?" मग मी त्यांना गिरणीवरचं सगळं सांगितलं. मॅडम ड्रायव्हरला म्हणाल्या, "उंद्रीला थांबव. चहा घेऊन जाऊ."

आत्याबाई ओट्यावरच होत्या. पाहुणे पाहून त्यांनी पदर सारखा केला, मला चहा टाकायला पाठवलं. चहा टाकला खरा, पण मी दाराच्या चौकटीपाशीच उभी राहिले. मॅडमनी इकडची तिकडची विचारपूस केली, कपाशीचं झालं, पाण्याचं झालं. मग सहज म्हणाल्या, "ताई, एका गावात दोन सुना हायेत. एक घरी राहून घर पाह्यते. दुसरी गावोगाव फिरून लोकायले प्रश्न इचारते. लोक म्हन्तात, हे दुसरी खोटं लिव्हते. तुमाले काय वाटते?"

आत्याबाईंनी सुपारी तोंडात टाकली. हाव आलं नाही.

"त्या दुसरीची सासू कशी हाये?" आत्याबाईंनी विचारलं.

सरांना ठसका लागला. मॅडम मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "तेच तं आमाले समजून नाही राह्यलं."

"सासू वाईट नसंन," आत्याबाई म्हणाल्या. "कमी बोलत असंन." चहा उतू जायला लागला तरी मी हलले नाही. "अन् ते सून खोटं नाही लिव्हत."

"कशावरून?"

"रोज भाजी झाली का मले चाखाले देते. इचारते, आत्याबाई, मीठ बराबर हाये का? मी म्हन्तो, हाव. मंग ते सोता चाखून पाह्यते." आत्याबाईंचा आवाज चढला. "माह्या एका हाववर तिचा भरोसा नाही, तं ते लोकायचं खोटं कायले लिव्हन? गिरनीवरच्या त्या बाईले मी हाव म्हनलं. तिच्यासंगं भांडत बसू का पिठाचा डबा डोक्यावर घेऊन?"

मला राहवलं नाही. दारातूनच मी म्हणाले, "मंग आत्याबाई, मी कामाले जाऊ का?"

आता सर, मॅडम आणि ड्रायव्हर, तिघंही आत्याबाईंच्या तोंडाकडे पाहत होते. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तूर पाखडताना पाहिलं नव्हतं, तसं नीट पाहिलं.

"जाय," त्या म्हणाल्या. "पन डबा घेऊन जाय. तू उपाशी फिरतं, अन् घरी येऊन भांडे आपटतं."

मी आत जाऊन उतू गेलेल्या चहासमोर बसून रडले. मला नोकरी टिकल्याचा आनंद झाला होता, आणि आपण किती दिवस चुकीच्या आनंदात होतो याचं हसूही येत होतं. मॅडम आत आल्या, नवं आधण ठेवून त्यांनी स्वतः चहा केला. साखर दुप्पट झाली होती. आत्याबाईंना विचारलं, चहा बरा झाला का, तर त्या म्हणाल्या, हाव.

पुढे सरांनी लिहिलेल्या टिपणाने जिल्हा पाहणीत राहिला, आम्ही सगळ्या कामावर राहिलो, आणि दोन बायांची गोष्ट सांगत आम्ही तीच गावं पुन्हा फिरलो. आता मी स्वतः नव्या मुलींना हे काम शिकवते. रोज डबा घेऊन निघते.

मॅडम, तुम्हाला पंचाहत्तरावं वर्ष लागलं. तुमचे गुडघे चालते राहोत, कान असेच तिखट राहोत, आणि काकांच्या सोबतीने तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य मिळो, ही आम्हा सगळ्याजणींची मनापासूनची इच्छा. नव्या पाहणीसाठी मुलींची तुकडी तयार झाली आहे आणि पहिल्या दिवशी त्यांना तुम्हीच शिकवावं, असा आमचा हट्ट आहे. हा लेख लिहायला बसले तेव्हा आत्याबाईंना विचारलं, तुमच्याकडून मॅडमना काय कळवू? त्या म्हणाल्या, "शिकवाले याले सांग. त्यायचाबी डबा मीच करतो."